दोराला लागलेला हात

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरुजींना समुद्र दाखवायला घेऊन निघाला. शिष्य म्हणजे आश्रमात समिधा गोळा करणारा बटू नव्हे. पंचेचाळिशी उलटलेला, शहरात स्वतःचा कारखाना असलेला, दर गुरुवारी गुरुजींच्या पायाशी बसून तासभर उपनिषदे ऐकणारा आणि त्या एका तासाच्या बळावर उरलेला आठवडा निर्धास्त काढणारा गृहस्थ. गुरुजी ऐंशीच्या घरातले. इतकी वर्षे त्यांच्याकडून घेतले, आता त्यांना एकदा सुखाचा प्रवास घडवावा, ही त्याची भावना खरी होती. फक्त गुरुजींचे सुख कशात आहे, हे त्याने एकट्यानेच ठरवून टाकले होते.

त्याने गाडी भाड्याने घेतली, तीही साधीसुधी नव्हे. परदेशी, पांढरीशुभ्र, बसले की आसन आपोआप मागे झुकावे आणि पाठ चेपून द्यावी अशी. काचा इतक्या जाड, की बाहेर ढोल वाजला तरी आत पत्ता लागू नये. भाड्याच्या करारावर त्याने न वाचता सही केली होती. गाडी वाळूवर नेऊ नये असे त्यात एक कलम होते, हे त्याला पुढे कळले, आणि तेही गाडी परत करताना.

मालवण मागे पडले आणि माडांतून जाणारा चिंचोळा रस्ता लागला. शिष्य हरखून गेला. "किती शांत प्रदेश आहे, गुरुजी! माणूस म्हणून दिसत नाही."

गुरुजींनी बटण दाबून आपल्या बाजूची काच खाली केली. रस्त्याकडेला एक बाई सुकी मासळी पसरत होती आणि पसरता पसरता शेजारणीशी कडाकडा भांडत होती. कुणाच्या तरी मांजराने कुणाचे तरी काहीतरी पळवले होते. गुरुजी मान बाहेर काढून ऐकू लागले. नेमके मांजर कुणाचे, हे निघणार तोच शिष्याने आपल्या बाजूच्या बटणाने ती काच वर केली. "वास येतोय, गुरुजी. धूळही येईल." असे तीनदा झाले. चौथ्यांदा गुरुजींनी काच खाली केली नाही. म्हातारबुवांना थंड हवा मानवली, असे समजून शिष्य खूश झाला.

दुपार कलताना ते एका गावाच्या किनाऱ्याशी पोहोचले. बैलगाडीच्या चाकोऱ्या थेट वाळूत उतरल्या होत्या. मागे लाटा, पुढे गाडी आणि गाडीला टेकून उभे गुरुजी, असा फोटो घ्यायचे शिष्याच्या मनात कधीपासून होते.

"बैलगाडी जाते तिथे आपली गाडी जाणार नाही?" तो म्हणाला.

"बैल पाहून पाऊल टाकतो," गुरुजी म्हणाले.

शिष्य हसला आणि त्याने गाडी खाली घातली. चाकोऱ्या संपल्या तरी तो थांबला नाही. ओल्या वाळूत पुढची चाके रुतली. त्याने जोर दिला, तशी ती आणखी रुतली. त्याने आणखी जोर दिला. अखेर गाडीचे पोट वाळूला टेकले आणि ती म्हशीसारखी बसली. समोर भरती लागली होती.

आता त्याला माणसे हवी झाली, आणि हवी झाल्याबरोबर दिसलीही. किनाऱ्यावर डावीकडे वीसेक आणि उजवीकडे वीसेक बायाबाप्ये दोन रांगांनी उभे होते. त्यांची रापण चालू होती. होडीतून समुद्रात अर्धगोल पसरलेले एकच अवाढव्य जाळे, त्याचे दोन दोर दोन रांगांच्या हातांत. दोर ओढत ओढत दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात आणि मध्यावर एकत्र आल्या की जाळे वाळूवर येते. ही माणसे दुपारपासून तिथेच होती. शिष्य त्यांच्या मधून गाडी घेऊन गेला होता आणि ती त्याला दिसली नव्हती.

तो डाव्या रांगेकडे धावला. टाळ्या वाजवून ओरडला, "अहो, गाडी अडकलीय! दहा जण या पटकन!"

कुणी हलले नाही.

"ऐकू येत नाही का? भरती येतेय! सांगाल ते देतो!"

रापणीचा म्होरक्या, गंगाराम कुबल, सगळ्यांत पुढे गुडघाभर पाण्यात होता. त्याने मान वळवून हनुवटीने गाडीच्या जागेकडे खूण केली. "रापण भायर येवंदे, मगे येतव. तवसर तुमची गाडी बाजूक काढा. जाळा थंयच येतला."

शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाजूला काढता आली असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?" पण गंगारामने तोंड फिरवले होते. एवढी मोलाची वस्तू डोळ्यांदेखत पाण्यात चालली आहे आणि यांना मासळीचे पडले आहे! माणुसकी कशी ती उरली नाही. म्हणूनच ही माणसे आहेत तिथेच राहिली. असे बरेच काही तो मोठ्याने बडबडला आणि गाडीकडे परतला.

परतला तर गुरुजी गाडीतून उतरले होते. त्यांनी वहाणा कोरड्या वाळूवर नीट ठेवल्या, धोतराचा काचा मारला, आणि गाडीकडे ढुंकूनही न पाहता ते डाव्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले. दोन्ही हातांनी दोर धरला. ओढू लागले.

शिष्याला काही सुचेना. त्याने गाडीतले गालिचे चाकांखाली घातले. चाकांनी ते मागे भिरकावले आणि त्याला नखशिखान्त वाळूने माखले. पहिली लाट चाकाला लागून गेली. दुसरीचे पाणी चाकाशीच थांबले. तो धावत गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, सोडा तो दोर! इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही मासे कसले धरताय? काही वयाचा विचार?" असे म्हणत त्याने दोर त्यांच्या हातून हिसकायला हात घातला.

पुढे उभ्या असलेल्या द्रौपदीकाकींनी मागे वळून पाहिले. साठीची बाई, पण आवाज खणखणीत. "ओ पावण्यानू, दोरयेक हात लायलास मां? मगे आता रापण येयसर सोडूचो नाय. हयची रीत आसा ती."

त्या किनाऱ्याची रीत तशीच होती. कुणीही यावे, दोराला हात लावावा. हात लागला की तो रापणीचा माणूस. मग जाळे वाळूवर येईपर्यंत त्याने निघून जायचे नाही. शिष्याने गुरुजींकडे पाहिले. ते एवढेच म्हणाले, "ओढ."

तो ओढू लागला. प्रथम नुसत्या रागाने ओढत होता. मग दोराचे वजन कळले. काथ्याने तळवे सोलवटले, खारे पाणी झोंबू लागले. दोराच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी जिवंत हिसके देत होते आणि तो हिसका वीस माणसांतून फिरून त्याच्या खांद्यापर्यंत येत होता. शांत वाटलेला किनारा नुसता गजबजलेला होता. कुणी मोजून हाक देत होते, कुणी शिव्या देत होते, द्रौपदीकाकी सुनेची गाऱ्हाणी पुढच्या बाईला सांगत होत्या.

दोन्ही रांगा जवळ आल्या आणि मध्ये गाडी आली.

"थांबा, थांबा!" गंगाराम ओरडला. "हयसून जावक गावचा नाय!"

डावी रांग थांबली. उजवीला गाडीला वळसा घालून, कमरेइतक्या पाण्यातून दोर टपावरून फिरवून आणावा लागला. तेवढ्या वेळात शिष्याच्या हातातला दोर सैल पडला. काय झाले ते समजण्याआधी त्याच्या तळव्यांना कळले. समोर जाळ्याची एक कड खाली बसली आणि तिच्यावरून रुपेरी मासळीचा लोंढाच्या लोंढा समुद्रात निघून गेला. चाळीस माणसे बघत राहिली. शिष्य शिव्यांची वाट पाहत होता.

"गेली," द्रौपदीकाकी म्हणाल्या, आणि पुन्हा ओढू लागल्या.

जाळे वाळूवर आले, पण यायला हवे होते त्याच्या निम्मेच भरलेले. कुणी मासळीला हात लावला नाही. गंगारामने तोच दोर उचलला, गाडीला बांधला, आणि दोन्ही रांगांनी मिळून गाडी ओढून कोरड्या वाळूवर आणली. पाणी दारातून आत शिरलेच होते. शिष्यही दोराला होता. कुणी त्याला बोलावले नव्हते.

मग वाटे पडले. वाळूवर बांगड्यांचे सारखे ढीग. एक ढीग गंगारामने गुरुजींपुढे ठेवला. आयुष्यात मासळीला न शिवलेल्या गुरुजींनी तो दोन्ही हातांनी घेतला. दुसरा शिष्यापुढे.

"मला कशाला?" शिष्य मागे सरला. "माझ्या गाडीमुळे तर तुमची निम्मी मासळी..."

"दोरी वडलास मां? मगे वाटो," गंगाराम म्हणाला. "गेली ती सगळ्यांचीच गेली. घेवा."

गाडीपाशी आल्यावर शिष्य खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, मला आत्ता कळलं. आपण आधी त्यांना मदत केली, म्हणून त्यांनी आपली गाडी काढली."

गुरुजी संतापले. इतक्या वर्षांत त्याने त्यांना असे संतापलेले पाहिले नव्हते. "काहीही कळलेलं नाही तुला! मी काय गाडी सोडवायची युक्ती केली? तू त्यांच्यासमोर टाळ्या वाजवल्यास तेव्हा त्या माणसांच्या हातात दोर होता आणि त्या दोराला त्यांची आजची चूल होती. तुला वाटलं, ती रिकामी उभी आहेत, तुझी वाट बघत. मदत मागावी, अवश्य मागावी. पण समोरच्याचे हात कशात गुंतलेत एवढं तरी बघशील की नाही? आपण त्यांच्या वाटेत गाडी घालून त्यांचं काम बिघडवलं होतं. तिथे आपले दोन हात लागायला हवे होते, म्हणून मी गेलो. गाडी बुडाली असती तरी मी दोर सोडला नसता. त्यांनी ती काढली हा त्यांचा मोठेपणा. माझ्या नावावर लावू नकोस."

शिष्याने दोन्ही वाटे मागच्या मऊ, पांढऱ्या आसनावर ठेवले. आसनावर पाणी ठिबकू लागले, वास दरवळू लागला. गाडी कुरकुरत सुरू झाली आणि पुढच्या गावाच्या रस्त्याला लागली. मग त्याने विचारले, "गुरुजी, तुम्हांला कुठे जायचं होतं? मी विचारलंच नाही."

"मला?" गुरुजींचा राग आता उतरला होता. "त्या बाईंचं मांजराचं भांडण पुरतं ऐकायचं होतं."

शिष्याने सोलवटलेल्या हातांनी चारही काचा खाली केल्या आणि गाडी मागे वळवली.