राखणदाराच्या पाठीतली खीळ

फार पूर्वी, कुठल्याशा डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला मोठं तळं होतं आणि त्या तळ्याला, ऐका हं, चक्क लोखंडाचा राखणदार होता! गावच्या लोहारणीने तो घडवला होता. तो बोलायचा, विचार करायचा. त्याच्या पाठीत एक खीळ होती. ती उपसली की तो जागच्या जागी थांबायचा.

गावाने त्याला बजावलं, “काहीही झालं तरी तळं राख.”

त्याने राखलं. गुरं हाकलली, गळती बुजवली. मग त्याच्या मनात आलं, ‘खीळ निघाली तर मी थांबेन. मी थांबलो तर तळं कोण राखणार?’ म्हणून तो पाणी सोडायच्या दाराला पाठ टेकून बसला आणि कुणाला जवळ फिरकू देईना.

“शहाणा आहे हो आपला राखणदार!” लोक म्हणाले. कौतुक करायला काय जातं!

त्या वर्षी पावसाने थैमान घातलं. तळं काठोकाठ भरलं, बांध खचू लागला. बांधाखालच्या आळीत लोहारणीची लेक बाळंतीण होती.

“ऊठ रे बाबा, दार उघडायचंय,” लोहारीण म्हणाली.

“उठलो तर खीळ उघडी पडेल.”

“अरे, बांध फुटला तर राखशील काय?”

“मी तर उरेन,” राखणदार म्हणाला.

लोहारणीला रडत बसायला वेळ नव्हता. तळ्याच्या एका कडेला तिचं शेत होतं. तिने पहार उचलली आणि तिकडून चर खणायला घेतला. ते पाहून गावकरीही कुदळी घेऊन धावले.

डोळ्यांदेखत गावकरी तळ्याची कड फोडत होते, तरी राखणदार जागचा हलला नाही. त्याला पाठ सांभाळायची होती.

पाणी शेतातून ओढ्याकडे सुटलं. उभं पीक गेलं, आळी वाचली. मग सगळ्या गावाने दिवसभर खपून राखणदाराला दोरखंडांनी ओढून त्याची खीळ उपसली.

“भट्टीत घाला त्याला!” लोक ओरडले.

“घालणारच आहे, पुन्हा घडवायला,” लोहारीण म्हणाली. “पण ‘काहीही झालं तरी’ हे आपणच बजावलं होतं ना? दार अडवून बसला, तेव्हा कौतुकही आपणच केलं.”

नव्या राखणदाराची खीळ तिने छातीवर बसवली. त्याला सांगितलं, “तळं राखणं तुझं काम. तुला कधी थांबवायचं, हे आम्ही ठरवू.” आणि दर अमावास्येला, काही बिघडलेलं नसतानाही, गाव त्याची खीळ काढून पाहू लागलं.

पहिल्या अमावास्येला लोहारणीची लेक बाळाला घेऊन खीळ काढायला पुढे आली. तिचा हात पुरेना, तेव्हा राखणदार स्वतःच खाली वाकला.

एवढंच लक्षात ठेवा: ज्याच्यावर राखण सोपवायची, त्याला थांबवायची खीळ आधी आपल्या हाताशी ठेवावी.