सोन्याचा पोपट आणि गुळव्या सटवाजी

एका राज्यात त्या दिवशी तापलेला वारा सुटला होता, धुळीनं सूर्य तांबडा झाला होता, आणि गुऱ्हाळातला म्हातारा गुळव्या सटवाजी रागानं धुमसत राजवाड्याची वाट चालत होता. उभ्या जन्मात त्यानं बैलावरही आवाज चढवला नव्हता. पण काल त्याच्या बायकोची, ठकूबाईची, जीभ दगडाची झाली.

झालं होतं असं. राजा धवलसेनाला काळदत्त मांत्रिकानं सोन्याचा पोपट दिला होता. पोपट दारोदार उडे आणि विचारे, "कसं आहे?" उत्तर एकच द्यायचं, "मजेदार." ताप चढला तरी मजेदार, घर जळालं तरी मजेदार. दुसरं बोलेल त्याची जीभ दगड. ठकूबाईचा हात उकळत्या काकवीनं पोळला, आणि ती म्हणाली, "मेल्या, आग होतेय."

वाटेत एका साळुंकीनं सटवाजीला एक पान दिलं. "बाबा, हे जिभेखाली धरा. पोपटापुढं ओळीनं तीन खरी उत्तरं दिलीत, तर तो मरेल. एक खोटं निघालं, तर तुम्ही दगड."

दरबारात सटवाजीनं पोपटाला खरंच सांगायची पैज लावली, तेव्हा काळदत्तानं त्याच्यापुढं चाखायला तीन वाट्या मांडल्या. सटवाजीनं पहिली चाखली.

"कसं आहे?" पोपटानं विचारलं.

"कडू."

पोपटाची पिसं गळली. दुसरी चाखली.

"राख आहे. घराघरांत हीच शिजतेय, राजा."

पोपटाची चोच वाकली. काळदत्त मात्र हसत होता. तिसऱ्या वाटीत ताजा, सोनेरी गूळ होता.

"म्हातारबा, बायको आता भांडत नसेल. घर शांत असेल, नाही का?" त्यानं डिवचलं.

सटवाजीनं गूळ चाखला आणि पोपटानं पुन्हा विचारलं, "कसं आहे?" वाटी काळदत्ताच्या तोंडावर फेकावी, विष आहे म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण चाळीस वर्षांत चवीच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता. दात आवळून तो म्हणाला, "मजेदार आहे."

खरं 'मजेदार' पोपटानं कधी गिळलं नव्हतं. ते घशात अडकलं आणि पोपटाची माती झाली. जादू उलटली आणि काळदत्त उभ्या जागी दगड झाला. राजा गाल धरून म्हणाला, "माझी दाढ सात वर्षं दुखतेय."

राज्यातल्या साऱ्या जिभा सुटल्या. सटवाजी घरी आला, तो ठकूबाई हाताला लोणी लावत पोपटाच्या सात पिढ्या उद्धारत होती. त्याचा राग निवत आला. तेवढ्यात शेजारचा हैबती कुंपणाशी आला, खाली मान घालून.

"बाबा, काकूंचा हात पोळला तेव्हा मी इथंच उभा होतो. पोपटानं मला आधी विचारलं. डोळ्यांदेखत बघूनही मी मजेदार म्हणालो."