तिसरा तवा थंड

फट्! फट्! फुस्... फट्!

वाघजाळी संस्थानची एकुलती एक मोटार मोटारखान्याच्या दारात उभ्या जागी थरथरत होती. आत बसलेल्या राजेसाहेबांच्या फेट्याचा तुराही तिच्या तालावर नाचत होता. दिवाणसाहेब तोंड फिरवून खोकल्याचं निमित्त करत होते.

"बंद कर!" राजेसाहेब गरजले आणि खाली उतरले. "शिदगोंडा, मी विलायतेला गेलो तेव्हा ही मोटार लोण्यासारखी चालत होती. जाताना मी स्वतः दाराला कुलूप लावलं. स्वतः लाखेची मोहर उठवली. मी येईपर्यंत हिला कुणी बोट लावायचं नाही, असा हुकूम दिला. आज येऊन पाहिलं, तर मोहर जशीच्या तशी! मग हिला बिघडवली कुणी?"

"सरकार, इतकी वर्षं मोटार नुसती..." ड्रायव्हर शिदगोंडा चाचरत म्हणाला.

"कारणं नकोत, गुन्हेगार हवा! उद्या दसरा. शेजारच्या राजांसमोर मी असा फुसफुसत सीमोल्लंघनाला जाऊ?"

"फितुरी आहे, सरकार!" दिवाणांनी संधी साधली.

"ऐका तर!" राजेसाहेब कडाडले. "सूर्य मावळायच्या आत गुन्हेगार माझ्यासमोर उभा राहिला पाहिजे, आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं गुन्हा कबूल केला पाहिजे. तोवर मोटारीचा एकही नट सैल करायचा नाही. पुरावा आहे तो! नाही जमलं, तर शिदगोंडा, तू बिऱ्हाड उचलून संस्थानची हद्द सोडायची. आणि तोवर मी इथून हलणार नाही!"

सतरंजी अंथरली गेली. राजेसाहेबांनी तिच्यावर धप्पकन मांडी ठोकली.

शिदगोंडा पुन्हा ते कुलूप चाचपून पाहू लागला. बंद दाराआड कुणी गेलंच नव्हतं, तर गुन्हेगार आणायचा कुठून?

गलका ऐकून त्याची मुलगी सुंद्रा मुदपाकखान्यातून धावत आली. राजवाड्यातल्या भाकऱ्या तीच भाजायची. हाताला अजून पीठ होतं. बापानं कानात सगळं सांगितलं. तिनं मोटारीकडे पाहिलं, मग राजेसाहेबांच्या मांडीकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"सरकार, गुन्हेगार मी आणते. पण आबांना मोटार चालू करू द्या. आणि सरकारनी बोललेला शब्द पाळावा. जागचं हलायचं नाही!"

"राजाचा शब्द आहे, पोरी! तसूभर हलणार नाही!"

मोटार पुन्हा थरथरू लागली. शिदगोंडानं इंजिनावरचं झाकण उचललं. इंजिनाच्या कुशीतून धूर बाहेर टाकणाऱ्या चार लोखंडी नळ्या निघाल्या होत्या. सुंद्रानं तांब्यात बोटं बुडवली आणि ती नळ्यांवर पाणी शिंपडायला लागली.

"अगं, ही काय पूजा मांडलीस?" दिवाण ओरडले.

"तवा तापलाय का बघते, दिवाणसाहेब. तुम्ही भाकरी नुसती खाल्लीत, तुम्हाला काय ठाऊक!"

पहिल्या नळीवर पाणी चर्र करून उडालं. दुसरीवर चर्र! तिसरीवरून मात्र थेंब गुपचूप ओघळून खाली पडला. चौथीवर पुन्हा चर्र!

"तिसरा तवा थंड आहे, सरकार. चौघांचं ओझं तिघं ओढतायत, म्हणून लंगडतेय बिचारी. आबा, करा बंद."

"तवा कळला. तो थंड करणारा कुठाय?"

"येतोय, सरकार. वाटेत आहे. तोवर जेवून घ्या."

गरम भाकरी आली, झुणका आला, ठेचा आला. राजेसाहेब जेवले. सुंद्रा चिंचेचा कोळ घेऊन मोटारीचा मोठा पितळी दिवा घासत बसली. ऊन भिंतीवर चढलं. राजेसाहेबांनी हळूच गुडघा उचलला.

"सरकार! शब्द!"

गुडघा खाली गेला. राजेसाहेबांनी दातओठ खाल्ले. "आला का तो?"

सुंद्रानं दिव्यावरून शेवटचा फडका फिरवला आणि ती ओरडली, "आला, सरकार! उठा, पकडा!"

तलवारीच्या मुठीला हात घालून राजेसाहेब उसळले, आणि थेट दिवाणांच्या गळ्यात पडले.

"आई गं! पाय! माझा उजवा पाय!"

"कुणी मारलं, सरकार?"

"मारतंय कोण! मुंग्या आल्यात! झोपलाय पाय!"

"झोपवला कुणी? दिवाणसाहेबांनी?"

"छे!"

"मग आमच्या आबांनी?"

"अगं, त्यानं तर बोटही लावलं नाही!"

"कुणी बोट लावलं नाही, तरी धडधाकट पाय बिघडला कसा?"

"बोट लावलं नाही म्हणूनच! इतका वेळ हलवला नाही मी त्याला! माझाच हट्ट नडला, दुसरं काय..."

राजेसाहेबांनी जीभ चावली.

सुंद्रा बाजूला सरकली. तिच्यामागे पितळी दिवा आरशासारखा लखलखत होता. त्यात तिरपा झालेला फेटा दिसत होता, आणि त्याखाली दिवाणांना धरून एका पायावर डुलणारे राजेसाहेब.

"गुन्हेगार समोर उभा आहे, सरकार. एका पायावर का होईना! आणि कबुली त्याच्याच तोंडची आहे."

दिवाणांनी डोळे मिटून घेतले. शिदगोंडानं मनातल्या मनात भांडीकुंडी बांधायला घेतली.

"फुस्..." राजेसाहेबांच्या नाकातून आवाज आला. "फुस्... फुस्..." आणि मग हसण्याचा असा गडगडाट झाला, की मोटारखान्यावरची कबुतरं उडाली!

"शिदगोंडा, सैल कर तुझे नट! झोपलेला तवा उठव!"

तिसऱ्या नळीमागची झडप गंजून चिकटली होती. शिदगोंडानं तिला रॉकेल पाजलं, हलक्या हातानं ठोकून मोकळी केली. तिकडे दिवाण राजेसाहेबांच्या पायाला तेल चोळत होते. झडप आणि पाय, दोन्ही बरोबरच जागे झाले! मोटार भिंगरीसारखी गुणगुणायला लागली.

"माग पोरी, काय हवं ते!"

"मोटार पुन्हा झोपू देऊ नका, सरकार. दर बाजाराला आबांनी ती गावात फिरवून आणावी."

"मंजूर! पण रिकामीच फिरवायची?"

"रिकामी कशाला? मुदपाकखान्यातल्या आम्हा बायांना बसवा की! चुलीपुढं बसून आमचे पाय रोजच झोपतात."

राजेसाहेबांना पुन्हा हसू आवरेना. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी सुंद्राच्या हातात ठेवलं आणि लगबगीनं जाऊन मोटारीचं दार स्वतः उघडून धरलं.

"बोलाव सगळ्यांना! पहिली फेरी आत्ताच. दिवाणसाहेब, तुम्ही तेवढ्या भाकऱ्या बघा!"