मधाच्या पोळ्याचा फोटो कोणाचा?

फार पूर्वीची नव्हे, जंगलात घरोघरी मोबाईल पोचल्यानंतरची ही गोष्ट. एका तळ्याकाठी एक खंड्या राहत होता. मासा वर येईपर्यंत तासन्‌तास हलायचं नाही, ही त्याची सवय. त्यामुळे फोटोही तो झकास काढायचा.

एकदा त्याला मधमाश्यांचं पोळं टिपावंसं वाटलं. तो आधी राणीमाशीकडे गेला.

"काढ की बाळा," राणीमाशी म्हणाली. "पण लांबूनच हं! आणि आम्ही परवानगी दिलीय, हे खाली लिही."

खंड्याने दिवसभर वाट पाहिली. कलत्या उन्हात पोळं सोन्यासारखं चमकलं आणि त्याने ते टिपलं. फोटोच्या तळाशी त्याने ओळ टाकली : 'छायाचित्र : खंड्या. मधमाश्यांच्या परवानगीने. कोणीही वापरा, ही ओळ मात्र राहू द्या.' मग फोटो तळ्याच्या ग्रुपवर टाकला.

वसंताच्या जत्रेत सर्वांत सुंदर फोटोला बक्षीस होतं : तळ्यावर झुकलेली उंबराची फांदी, कायमची! तिच्याखाली मासे दाटत. खंड्याचा सगळा जीव त्या फांदीत अडकला होता.

पण तो फोटो घेऊन गेला, तर पंच असलेला हत्ती भडकला. "हा फोटो कोल्ह्याने कालच दिलाय. नक्कल करतोस? लाज नाही वाटत?"

कोल्ह्याने खालची ओळ कापून तिथे स्वतःचं नाव घातलं होतं! खंड्या तडक त्याच्याकडे गेला.

"कोल्हेदादा, फोटो माझा आहे."

"मोबाईलवर आलं ते सगळ्यांचं, बाबा!"

"मग तुमच्या बिळाचं दार उघडं दिसलं, तर आत शिरून जेवण उचलायचं?"

"चल नीघ! मोठा आला शहाणा!"

जत्रेत कोल्ह्याचा सत्कार झाला. शाल आली, नारळ आला. कोल्हा फुगून म्हणाला, "मंडळी, पोळ्याला अगदी नाक लावून काढलाय हा फोटो!"

समोर राणीमाशी बसली होती. "नाक लावून? कोणाला विचारून?"

घोंऽऽ करत सगळं पोळं मंचावर आलं. कोल्हा शालीत तोंड लपवून ओरडला, "माझा नाही! खंड्याचा आहे! आईशप्पथ खंड्याचा आहे!"

तोवर एक डंख नाकावर बसलाच.

खंड्याने ओळीसकट मूळ फोटो दाखवला. हत्तीने सर्वांसमोर त्याची माफी मागितली, फांदी त्याला दिली आणि कोल्ह्याकडे वळून गरजला, "अरे, ती ओळ ठेवून वापरला असतास, तर कोणी हटकलं असतं का? फुकट मिळत होतं, तेही चोरलंस!"

कोल्ह्याचं नाक भोपळ्याएवढं झालं होतं. खंड्याने पटकन एक फोटो काढला. सगळे ओरडले, "टाक, टाक ग्रुपवर!"

"थांबा. नाक त्यांचं आहे," खंड्या म्हणाला. "कोल्हेदादा, टाकू का?"

"नको म्हटलं तर?"

"नाही टाकणार."

कोल्हा खाली मान घालून उभा राहिला. मग सुजलेल्या नाकातून खुदकन हसला.

"टाक. पण खाली नीट लिही : छायाचित्र, खंड्या. नाक, कोल्हा. डंख, मधमाश्या."

सगळी जत्रा हसून लोळली, मधमाश्यासुद्धा.

तात्पर्य : दुसऱ्याचा फोटो, गाणं किंवा चित्र वापरण्याआधी त्याच्या अटी वाचा, लागेल तिथे परवानगी घ्या आणि त्याचं नाव द्या. नाव कापून वापरणं म्हणजे सरळसरळ चोरी.