बारकोडच्या कडेची कोरी जागा

यंत्रं बोलत असत तेव्हाची गोष्ट. शेवंताकाकूंच्या चटणीच्या कारखान्यातला थोरला लेबल-प्रिंटर जळून गेला आणि सगळं काम धाकट्यावर आलं. कोरी जागा दिसली की धाकट्याला थोरला आठवून भडभडून येई. म्हणून त्याने बारकोडच्या रेघा लेबलच्या कडेपर्यंत ठासून छापल्या.

स्कॅनर वाजेचना. काकू हवालदिल झाल्या. "असा माल दुकानदार परत धाडेल!"

"आंधळा झालास का रे?" धाकटा स्कॅनरवर खेकसला.

"नाही रे बाबा. दोन्ही कडांना कोरी जागा सोड. रेघा कुठून सुरू होतात, ते मला त्यावरूनच कळतं. तुझा दादा सोडायचा."

"मोकळी जागा बघवत नाही मला."

"इतक्यात बघवणारही नाही. तरी सोड."

धाकट्याने दोन्ही कडा कोऱ्या सोडून नवं लेबल काढलं. स्कॅनर खणखणीत वाजला.

"काकू," धाकटा म्हणाला, "पुढची पाकिटं आणा."