पाटलेच्या शिंगावरची नऊ वलये

पूर्वी शालवती नगरात सुनंद राजा राज्य करीत असताना वेशीबाहेरच्या गवळ्यांमध्ये एक नियम होता. तीन वेतं झाली की गाय विकायची. आणि वळू निवडायचा तो पहिलारू गाईचा, जिने पहिल्याच वेताला दुधाची चरवी काठोकाठ भरली तिचा. का, हे विचारायचे नाही. त्या कुळात बोधिसत्त्व कुमुदा नावाची कन्या होऊन जन्मले होते.

कुमुदेच्या आईने माहेरहून पाटला नावाची गाय आणली होती. ती स्त्रीधन, म्हणून नियम तिच्यापर्यंत पोचला नव्हता. आई वारली. महिना लोटतो न लोटतो तोच कुळाचे प्रमुख, चुलत आजोबा नंदिक, दोन वडीलधाऱ्यांना आणि एका व्यापाऱ्याला घेऊन गोठ्यात आले.

"म्हातारीला हा नेईल," नंदिक म्हणाले. "तिचा खोंड उद्या खच्ची करू. औताला बरा."

"आजोबा, पाटला नवव्यांदा व्यायली. दूध अजून आटलेलं नाही."

"असते एखादी. बाकीच्या तीन वेतांतच खंगतात, पोरी. माझे केस पांढरे झालेत या गोठ्यात."

"गाईंचे होऊ दिलेत कधी?"

एका म्हाताऱ्याला हसू फुटले. नंदिकांनी पाहिले तसे ते विरले.

कुमुदेने आजोबांचा हात धरून पाटलेच्या शिंगावर ठेवला. दर वेताचे एक वलय शिंगावर उमटते, हे त्या हाताला ठाऊक होते. बोटे नऊवर थांबली. मग तिने त्यांना दावणीच्या इतर गाईंपाशी नेले. एक. दोन. दोन. तीन. चौथे वलय कुठेच नव्हते.

"कालवड तीन-चार वर्षं नुसती खाते," ती म्हणाली. "पहिली दोन वेतं त्या चाऱ्याची भरपाई करण्यात जातात. पुढचं सगळं आपलं, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही तिला विकता. वळू निवडता तोही अशा गाईचा, जिचं टिकणं कुणी पाहिलेलंच नाही. मग कळप खंगेल नाही तर काय?"

"हा नियम माझ्या आजाने घातलाय."

"आणि पाटला माझ्या आईने राखलीय."

व्यापाऱ्याने दाव्याला हात घातला. कुमुदा मध्ये उभी राहिली.

"पाटला जाणार नाही. खोंड खच्ची होणार नाही. कळपाचा पुढचा वळू तोच."

नंदिकांचा हात तीन वलयांच्या शिंगावरच राहिला. मघाशी हसलेल्या म्हाताऱ्याने व्यापाऱ्याच्या हातातले पाटलेचे दावे काढून घेतले.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, 'असंच चालत आलंय' असे आज म्हणणारे तुमच्यातले ज्येष्ठ, तेच तेव्हाचे नंदिक आणि त्यांचे सोबती. पाटला म्हणजे मला वाढवणारी माझी मावशी. कुमुदा मी होतो. त्या जन्मी मी जी आचरली, ती प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची परिपूर्णता."