विजयेची कापणी

“पण नेमके किती दिवस, ते सांगा ना!” धुंडिराज वैद्याने तिसऱ्यांदा विचारलं.

भवरगीर गोसावी विजयेच्या, म्हणजे भांगेच्या, झाडाच्या बुंध्याशी उकिडवे बसून तण उपटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशाचे दिवस?”

“विजयेचे तुरे कापायचे. पेरणीपासून एकशे वीस? एकशे तीस? माझ्या पोथीत एकशे पंचवीस लिहिलंय.”

“मग पोथीतली झाडं काप.”

धुंडिराजचे कान तापले. तीन पिढ्यांची वैद्यकी होती त्याच्या घरात. पंचक्रोशीत त्याला असं बोलायची कोणाची छाती नव्हती. पण त्याने राग गिळला, कारण गेल्या वर्षी त्याचं नाक चांगलंच कापलं गेलं होतं.

सगुणा कोष्टीण त्याच्याकडे चेहऱ्याची कळ घेऊन आली होती. गालात वीज चमकावी तशी कळ यायची. तिला घास चावता येईना, बोलता येईना. धुंडिराजने परसात परवान्याने विजयेची बारा झाडं लावली, एकशे पंचविसाव्या दिवशी मुहूर्त पाहून कापली आणि तुऱ्यांचा पाक करून तिला दिला. कळ तसूभरही हलली नाही. उलट बाईची छाती धडधडायला लागली. ती घामाघूम होऊन रस्त्यावर धावत सुटली. सगळ्या पेठेने पाहिलं.

तेव्हापासून गावात त्याचं नाव झालं होतं, ‘पळवणारा वैद्य’.

संस्थानाने औषधासाठी परवाना दिलेली चाळीस झाडं भवरगीरबाबांच्या मठामागे होती. त्यांच्या तुऱ्यांचं औषध कधी वाया गेल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. म्हणून धुंडिराज डोंगर चढून इथं आला होता.

“बाबा, पोथी चूक आहे का?”

“पोथी लिहिणाऱ्याची झाडं त्याच्या रानात होती. तुझी तुझ्या परसात. ही माझ्या डोंगरावर...” बाबा उठले. त्यांनी कंबरेचा विळा काढून धुंडिराजच्या हातात ठेवला. “केव्हाही काप. मी अडवणार नाही.”

“केव्हाही?”

“फक्त एकदा कापलं की परत जोडता येत नाही.”

त्या दिवसापासून धुंडिराज मठातच राहिला.

रोज सकाळी दव वाळलं की बाबा एकच विचारायचे, “कालच्यापेक्षा काय बदललं?”

पहिले आठ दिवस धुंडिराज म्हणाला, “काही नाही.”

बाबा म्हणायचे, “बरं.” आणि निघून जायचे.

नवव्या दिवशी त्याने पिशवीतून भिंग काढलं आणि झाडासमोर जमिनीवर बसला. तुऱ्यावरचे तंतू दुधासारखे पांढरे, ताठ उभे होते. पाकळीवर टाचणीच्या डोक्याहून बारीक थेंब होते, स्वच्छ पाण्यासारखे. वास कच्च्या गवताचा.

“गेल्या वर्षी मी असेच कापले होते,” तो हळूच म्हणाला.

त्या दिवशी बाबा निघून गेले नाहीत, शेजारी बसून राहिले.

मग बदल दिसायला लागले. बुडाची मोठी पानं पिवळी पडली. तंतू टोकाकडून चिंचेच्या रंगाचे होऊन आत वळायला लागले. वास जड झाला, तुरा चिमटीत धरला की बोटं चिकटायला लागली. भिंगाखालचे थेंब तांदळाच्या धुवणासारखे गढूळ होऊ लागले. सगळे नाही... निम्मे.

आणि नेमकं तेव्हाच, कार्तिकात, पश्चिमेकडून काळं आभाळ चढून आलं.

बाबा लगबगीने शेतात आले. धुंडिराजने त्यांना घाईत कधी पाहिलं नव्हतं.

“काप.”

“आज?”

“आत्ता. तुऱ्यांत पाणी शिरलं तर बुरशी धरेल. वर्ष जाईल. काप!”

धुंडिराजने विळा उचलला, पहिलं झाड धरलं... आणि भिंग काढून वाकला. निम्मे थेंब अजून पाण्यासारखेच होते. त्याला रस्त्यावर धावणारी सगुणा आठवली. त्याने विळा खाली ठेवला.

“नाही,” तो म्हणाला.

बाबा थबकले. “काय म्हणालास?”

“आज नाही, बाबा. अजून तीन-चार दिवस हवेत. मी झाडं भिजू देत नाही.”

मठात आजवर बाबांना कोणी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. ते त्याच्याकडे बघत राहिले. वारा सुटला...

धुंडिराज तोवर धावला होता. मठातल्या चटया, घोंगड्या, नैवेद्याच्या ओट्यावरचं ताडपत्रीचं छत, मिळेल ते त्याने ओढून आणलं आणि झाडांभोवतीच्या बांबूंवर टाकलं. एक टोक बांधलं की दुसरं उडे. पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले. तो दोन्ही हात फाकवून चटई धरून उभा राहिला, तरी एक कोपरा फडफडतच होता.

तो कोपरा कोणीतरी धरला.

बाबा होते. पाऊस थांबेपर्यंत दोघं तसेच उभे राहिले.

पावसानंतर ऊन पडलं. धुंडिराजने एकेक झाड हळुवार हलवून पाणी झाडलं. तुरा न् तुरा तपासला. बुरशी कुठंच नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी भिंगाखाली सगळे थेंब दुधाळ होते, मधूनच एखादा मधाच्या रंगाचा. त्याने भिंग पिशवीत टाकलं. कोणाला न विचारता विळा घेतला आणि चाळीसच्या चाळीस झाडं कापून सावलीत उलटी टांगली.

महिन्याभराने, नव्या तुऱ्यांचा पाक आठ दिवस घेतल्यावर, सगुणा कोष्टीण डोंगर चढून मठात आली. तिच्या हातात उसाचं कांडं होतं आणि ती ते दातांनी सोलत होती. कराकरा.

“वैद्यबुवा, आठ रात्री झोपले!” ती पायरीवरूनच ओरडली. “काल नवऱ्याला शिव्या पण दिल्या, दोन वर्षांच्या साठलेल्या!”

धुंडिराज हसता हसता खाली बसला. डोळे पुसले. सगुणा उसाचा एक तुकडा बाबांसमोर ठेवून, पेठेत सांगत सुटायला निघून गेली.

ती गेल्यावर धुंडिराज म्हणाला, “बाबा, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही ‘काप’ म्हणालात. ती माझी परीक्षा होती?”

“छे! आभाळ बघून मी खरंच घाबरलो होतो.”

“मग... मी तुमचं ऐकलं असतं तर?”

बाबांनी उसाचा तुकडा दाढेखाली धरला.

“तर पुढच्या वर्षीही मलाच शेतात जावं लागलं असतं.”